मृत कीटकांचे घरगुती जतन : ओल, कसर आणि नोंद

बीजसंज्ञा : मृत कीटक, शुष्क जतन, लेबल, डर्मेस्टिड भुंगेरे, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम

प्रस्तावना

महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागातील कपाटात एक पेटी हमखास आढळते. काचेचे झाकण, आत थर्मोकोल, त्यावर फुलपाखरांच्या दोन-तीन ओळी आणि तळाशी तपकिरी भुकटी. पंख शिल्लक असतात, धड नसते; काही टाचण्यांवर काहीच उरलेले नसते. पेटीच्या पाठीवर विद्यार्थ्याचे नाव व परीक्षा क्रमांक असतो. कोणता कीटक कोठे आणि केव्हा मिळाला याचा उल्लेख मात्र सहसा नसतो.

अशी पेटी दोन वेळा नष्ट झालेली असते. एकदा पावसाळ्यातील ओलीने आणि कसरीने, तर त्यापूर्वी एकदा नोंदीच्या अभावाने. यातील दुसरा नाश अधिक गंभीर होय, कारण तो पहिल्याच दिवशी घडतो आणि डोळ्यांना दिसत नाही. घरी मृत कीटकांचा संग्रह करू इच्छिणाऱ्यांस, मग ते कोणत्याही विद्याशाखेचे असोत, हे दोन्ही नाश कसे टाळता येतात हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मृत कीटकच का?

जुन्या पद्धतीत जाळीने कीटक पकडून पोटॅशियम सायनाइडच्या किंवा इथिल ॲसिटेटच्या बरणीत मारले जात. घरात सायनाइडला स्थान नाही, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राणिशास्त्रातील विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ साली त्यापुढील पाऊल उचलले. अभ्यासासाठी प्राणी मारण्याबाबतची आपली दृष्टी त्यामुळे बदलली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. संशोधनासाठी क्वचित कीटक मारावे लागतात हे खरे. परंतु घरगुती संग्रहास त्याची गरज नाही, कारण मेलेले कीटक आपल्या आसपास विपुल पडलेले असतात.

जून महिन्यात पहिला जोरदार पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात व रात्री दिव्यांभोवती गर्दी करतात. कोकणात नारळाच्या बागेलगत गेंडा भुंगा सापडतो. महाविद्यालयाच्या व्हरांड्यातील ट्यूबलाइटखाली पतंग, खिडकीच्या चौकटीत मधमाश्या आणि गांधीलमाश्या, पाण्याच्या हौदात चतुर मिळतात. अट एकच, सकाळी झाडू फिरण्यापूर्वी आणि मुंग्या पोहोचण्यापूर्वी तेथे जावे लागते. नवशिक्याने गेंडा भुंग्यापासून आरंभ करावा, असे सुचवावेसे वाटते. तो मोठा व टणक असतो, शिवाय नारळावरील कीड असल्याने त्याच्या संकलनाविषयी कोणाची हरकत नसते.

कीटक बोटांनी न उचलता चिमट्याने उचलावा. ब्लिस्टर बीटलच्या शरीरातील कँथॅरिडिन हे फोड आणणारे द्रव्य तो मेल्यावरही टिकून असते. काही पतंगांचे केसही त्वचेस दाह करतात. ठेवण्यासाठी कापूस वापरू नये, कारण त्याच्या तंतूंत पायांची नखे अडकतात आणि सोडविताना पाय तुटतात. डबीत टिश्यू कागद घालावा. फुलपाखरे व पतंग यांच्यासाठी आयताकृती कागदाची त्रिकोणी घडी पुरते. तारीख आणि ठिकाण त्या घडीवर कीटक आत ठेवण्यापूर्वी लिहावे. घरी जाऊन लिहू म्हटले की ते राहते.

शरीररचना आणि जतनाचे तत्त्व

कीटकाचे जतन सोपे असण्याचे कारण त्याच्या शरीररचनेत आहे. आपला सांगाडा आत असतो व मऊ भाग बाहेर. कीटकाचे नेमके उलट. त्याचे बाह्यकवच कायटिन आणि कठीण झालेली प्रथिने यांचे बनलेले असते व ते सहजी कुजत नाही. आतील स्नायू आणि चरबी वाळून आक्रसली तरी बाह्य आकार कायम राहतो. म्हणूनच भुंगेऱ्यास पेंढा भरावा लागत नाही, केवळ वाळवावे लागते.

मात्र वाळण्याचा वेग कुजण्याच्या वेगापेक्षा अधिक असला पाहिजे. ढालीसारख्या पंखांचे भुंगेरे ही शर्यत सहज जिंकतात. जाड पोटाचे नाकतोडे, प्रार्थना कीटक व मोठे पतंग ऐन पावसाळ्यात हमखास हरतात. अशा कीटकांच्या उदराला खालच्या बाजूने लहान छेद देऊन आतील भाग चिमट्याने काढावा आणि तेथे थोडा कापूस भरावा. चतुरांचे रंग मरणानंतर काही तासांतच काळवंडतात. ताजा चतुर सुमारे एक दिवस ॲसिटोनमध्ये बुडवून मग वाळविल्यास रंग बऱ्याच अंशी टिकतो. ॲसिटोन ज्वालाग्राही असल्याने ते स्वयंपाकघरापासून दूर, हवेशीर जागी वापरावे.

रंगांबाबत एक भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. काही भुंगेऱ्यांची धातूसारखी हिरवी-निळी चमक रंगद्रव्यामुळे नव्हे, तर कवचाच्या सूक्ष्म थरांतून होणाऱ्या प्रकाशाच्या परावर्तनामुळे निर्माण होते. हे रंग दीर्घकाळ जसेच्या तसे राहतात. रंगद्रव्यांचे लाल, पिवळे, हिरवे रंग उजेडात विटतात. म्हणून संग्रहाची पेटी दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगू नये. भिंतीवर शोभते ती पेटी आणि टिकते ती पेटी, या सहसा दोन वेगळ्या पेट्या असतात.

मऊ करणे, टाचणे, पंख पसरणे

सापडलेला कीटक बहुधा आधीच वाळून कडक झालेला असतो. त्याला तसेच टाचले तर शृंगिका आणि पाय तुटतात. त्यासाठी झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात तळाशी ओली वाळू किंवा ओला टिपकागद ठेवावा. बुरशी येऊ नये म्हणून त्यात जंतुनाशकाचे काही थेंब टाकावेत. कीटक पाण्याला लागू न देता लहान बशीत ठेवून डबा बंद करावा. एक ते दोन दिवसांत सांधे मऊ होतात. मोठ्या भुंगेऱ्यास अधिक वेळ लागतो. परंतु तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर बुरशीचा धोका वाढतो, म्हणून रोज तपासणे इष्ट.

टाचणीच्या बाबतीत काटकसर करू नये. कार्यालयीन टाचणी आखूड व जाड असते आणि गंजते. पितळी टाचणीचा कीटकाच्या शरीरातील चरबीशी संयोग होऊन हिरवट पुटे येतात व ती आतून कीटकाचे शरीर फोडतात. कीटकशास्त्रीय टाचण्या सुमारे ३८ मिलिमीटर लांबीच्या असतात. त्यातील स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. जाडीनुसार त्यांना क्रमांक असतात. दोन किंवा तीन क्रमांकाची टाचणी बहुतेक कीटकांना चालते. (मराठीत चतुराच्या एका नाजूक नातलगालाही टाचणी म्हणतात, तेव्हा विद्यार्थ्यांना सूचना देताना गोंधळ होतो, हे अनुभवाने सांगता येईल.)

टाचणी कोठून घालावी याचे संकेत ठरलेले आहेत. भुंगेऱ्यांत ती उजव्या कठीण पंखाच्या पुढील भागातून जाते. नाकतोड्यांत ती वक्षावरील ढालीच्या मागील भागातून, मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे घालतात. माश्या व गांधीलमाश्यांतही वक्षाची उजवी बाजूच निवडतात. फुलपाखरे आणि पतंग यांत मात्र ती वक्षाच्या बरोबर मध्यातून जाते. उजवी बाजू निवडण्यामागे कारण आहे. कीटकाचे शरीर दोन्हीकडे सारखे असते. टाचणीने उजवीकडील खूण नष्ट झाली तरी डावीकडे ती अभंग राहते. टाचणीचा वरचा पाव भाग उचलण्यासाठी मोकळा ठेवावा. पाच मिलिमीटरपेक्षा लहान कीटक टाचू नयेत. जाड कागदाचा लहान त्रिकोण कापून त्याच्या टोकाला पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाने कीटक चिकटवावा आणि टाचणी त्रिकोणाच्या रुंद बाजूतून घालावी.

फुलपाखरांचे पंख पसरण्यासाठी मध्ये खाच असलेली पट्टी, म्हणजे स्प्रेडिंग बोर्ड, लागते. थर्मोकोलच्या दोन पट्ट्यांमध्ये फट ठेवून ती घरी सहज करता येते. पुढच्या पंखांची मागची कड शरीराशी काटकोनात येईल इतके पंख पुढे ओढावेत व गुळगुळीत कागदाच्या पट्ट्यांनी दाबून धरावेत. टाचण्या कागदात टोचाव्यात, पंखात नव्हे. कोरड्या ऋतूत आठवड्या-दोन आठवड्यांत नमुना वाळतो. पावसाळ्यात पट्टी सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावी लागते. उघड्यावर ठेवायची झाल्यास मुंग्या आणि झुरळे आहेतच. पूर्वी दुधातुपाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवीत, तोच उपाय येथेही चालतो.

वाळवी, मावा, अळ्या असे मऊ शरीराचे कीटक वाळविल्यास ओळखू येत नाहीत. त्यांना ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. इथिल अल्कोहोलसाठी महाविद्यालयांना उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याचे सोपस्कार करावे लागतात. घरी औषधांच्या दुकानातील आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरेसे आहे. मेलेली अळी मात्र सापडते तेव्हा बहुधा काळी पडलेली असते. ती जतन करण्याचे श्रम वाया जातात.

ओल आणि कसर

येथपर्यंतची पद्धती कोणत्याही इंग्रजी पुस्तकात मिळेल. ती पुस्तके प्रामुख्याने कोरड्या व थंड हवेच्या देशांत लिहिली गेली. आपल्याकडे खरी परीक्षा यानंतर सुरू होते. कोकण आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. ६५ ते ७० टक्क्यांच्या पुढे बुरशी वाढू लागते. म्हणजे उघडी किंवा सैल झाकणाची पेटी चार महिने बुरशीस अनुकूल अवस्थेत राहते. वाळलेला कीटक हवेतील ओल शोषून पुन्हा मऊ होतो, पसरलेले पंख खाली झुकतात आणि सांध्यांतून पांढरे तंतू दिसू लागतात.

महाग लाकडी पेटीपेक्षा रबराची कड असलेला, घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा या हवेत अधिक उपयोगी पडतो. त्यात तळाशी फोम किंवा थर्मोकोल आणि कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी असावी. रंगदर्शक सिलिका जेल ओल शोषली की रंग बदलते. निळे गुलाबी होते. भट्टीत सुमारे १२० अंश सेल्सिअसला तापविले की ते पुन्हा वापरता येते. पावसाळ्यात दर पंधरवड्याला रंग पाहणे, एवढेच काम आहे. बुरशी आलीच तर मऊ कुंचल्याने अल्कोहोल लावून ती पुसता येते, परंतु त्याआधी डब्यातील ओल घालवावी, अन्यथा ती परत येते.

दुसरा शत्रू अधिक कावेबाज आहे. डर्मेस्टिड कुळातील भुंगेरे, विशेषतः अँथ्रेनस, दोन ते चार मिलिमीटर आकाराचे असतात. प्रौढ भुंगेरा फुलांवर पराग खातो आणि खिडकीतून घरात येतो. त्याच्या केसाळ अळ्या मात्र लोकर, पिसे, कातडे आणि वाळलेले कीटक यांवर जगतात. निसर्गात मृत प्राण्यांचे अवशेष साफ करण्याचे काम त्या करतात. आपली पेटी त्यांच्या दृष्टीने असेच एक शव होय. नमुन्याखाली बारीक भुकटी दिसली किंवा अळीची टाकलेली कात मिळाली की कसर लागली असे समजावे.

यावरील रूढ उपाय म्हणजे डांबरगोळ्या. घरगुती संग्रहासाठी तो प्रस्तुत लेखकास मान्य नाही. नॅप्थलीनचा वास किडीला काही अंशी दूर ठेवतो, परंतु आत शिरलेल्या अळीचा नायनाट करण्यास पुरेसा पडत नाही. दुसरे असे की, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली नॅप्थलीनचा समावेश मानवास संभाव्य कर्करोगकारक द्रव्यांच्या गटात केला. ज्यांच्या रक्तात जी-६-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असते, अशा बालकांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटतात. ज्या घरात लहान मूल आहे तेथे डांबरगोळ्यांची पेटी ठेवू नये. वेखंडाच्या पुरचुंडीने अपाय होत नाही, पण तिच्यावर विसंबू नये. कडुलिंबाचा ओला पाला तर ओलच वाढवितो.

खरा उपाय घरातील फ्रीजच्या वरच्या कप्प्यात आहे. नवीन नमुना पूर्ण वाळल्यानंतर डब्यासह जाड प्लॅस्टिक पिशवीत बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावा. अंडी व अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. ती खोलीच्या तापमानास येऊ द्यावी, अन्यथा बाहेरच्या हवेतील बाष्प थंड नमुन्यावर पाणी होऊन बसते. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, संपूर्ण संग्रह या क्रमातून काढणे हितावह. फ्रीझरमध्ये भुंगेरे ठेवण्यास घरातील मंडळींची संमती मिळविणे हा या पद्धतीतील सर्वांत कठीण टप्पा असतो, आणि त्यावर कोणत्याही ग्रंथात मार्गदर्शन नाही.

लेबल

आता त्या पहिल्या, न दिसणाऱ्या नाशाकडे वळू. नोंद नसलेला कीटक ही शोभेची वस्तू असते. नोंद असलेला कीटक हा दस्तऐवज असतो. इतिहासाच्या प्राध्यापकांस हे समजावून सांगावे लागणार नाही. तारीख व स्थळ नसलेले पत्र जितके दुबळे, तितकाच असा नमुना दुबळा.

जर्मनीतील क्रेफेल्ड येथील कीटकशास्त्र मंडळाचे उदाहरण येथे महत्त्वाचे आहे. या मंडळात बहुसंख्येने हौशी अभ्यासक आहेत. त्यांनी ६३ संरक्षित स्थळी, एकाच प्रकारचे सापळे लावून, २७ वर्षांच्या कालखंडात उडणारे कीटक गोळा केले आणि स्थळ-काळाच्या नोंदींसह जपून ठेवले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातून त्या काळात उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन ७५ टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसून आले. जगभर त्याची चर्चा झाली. ज्या वर्षी ते कीटक गोळा केले गेले, त्या वर्षी कोणालाही हे ठाऊक नव्हते. आपल्या गावातील तुलनेसाठी मागील पिढीचे असे साहित्य हाताशी असते, तर आज ‘पूर्वी काजवे पुष्कळ दिसत’ या आठवणीपलीकडे काही सांगता आले असते.

लेबल लहान, सुमारे दीड सेंटिमीटर लांबीचे असावे आणि कीटकाच्या खाली त्याच टाचणीत ओवावे. त्यावर गाव, तालुका, जिल्हा, राज्य, शक्य असल्यास अक्षांश-रेखांश, दिनांक आणि शोधणाऱ्याचे नाव असावे. महिना रोमन अंकांत लिहिण्याची प्रथा आहे, त्यामुळे दिवस व महिना यांची अदलाबदल होत नाही. केवळ ‘पुणे’ असे लिहिणे निरर्थक. पुणे जिल्ह्यात सह्याद्रीचा माथाही येतो आणि इंदापूरचा कोरडा मुलूखही. बॉलपेनची शाई विटते आणि अल्कोहोलमध्ये पसरते. पेन्सिल किंवा न विरघळणारी काळी शाई वापरावी. कीटकाचे नाव वेगळ्या, दुसऱ्या लेबलवर लिहावे, कारण नाव चुकू शकते व पुढे बदलू शकते. स्थळ आणि काळ बदलत नाहीत. नाव ठाऊक नसेल तर लेबल अडवून ठेवू नये.

मृत सापडलेल्या कीटकाबाबत अधिक प्रामाणिकपणा लागतो. सापडल्याचा दिवस हा मरणाचा दिवस असतोच असे नाही. मोटारीच्या जाळीत अडकलेले फुलपाखरू पन्नास किलोमीटर दूर मेलेले असू शकते; भाजीच्या करंडीतून आलेला भुंगेरा दुसऱ्या जिल्ह्यातील असू शकतो. म्हणून ‘मृतावस्थेत, व्हरांड्यातील दिव्याखाली’ किंवा ‘मोटारीच्या जाळीत, मूळ स्थळ अनिश्चित’ असे स्पष्ट लिहावे. असे लिहिल्याने नमुन्याचे मूल्य कमी होत नाही. न लिहिल्याने मात्र तो पुढील अभ्यासकाची दिशाभूल करतो.

छायाचित्र पुरेसे नाही काय, असा प्रश्न सहकारी विचारतात. फुलपाखरांच्या बाबतीत पुष्कळदा पुरेसे असते. परंतु भुंगेरे, माश्या आणि लहान पतंग यांच्या असंख्य जाती सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांची रचना पाहूनच वेगळ्या करता येतात. छायाचित्राच्या पोटाखाली पाहता येत नाही.

कायद्याची मर्यादा

‘मी मारला नाही, मेलेलाच सापडला’ हे उत्तर कायद्यापुढे पुरेसे नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ नुसार अनुसूचित वन्यप्राणी मृत सापडला तरी तो शासनाची मालमत्ता ठरतो, आणि तो ज्याच्या हाती येईल त्याने ४८ तासांच्या आत नजीकच्या पोलीस ठाण्यास किंवा अधिकृत अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. अनुसूचींत कीटकही आहेत. आपल्या बागांत घोळीसारख्या वनस्पतींवर वाढणारे डॅनाइड एगफ्लाय हे फुलपाखरू जुन्या पहिल्या अनुसूचीत होते. २०२२ सालच्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, अनुसूचींची फेररचना झाली. तेव्हा प्रचलित यादी पाहिल्याशिवाय फुलपाखरांना हात लावू नये आणि जुन्या पाठ्यपुस्तकातील यादी वापरू नये. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांतून परवानगीविना काहीही उचलू नये. २००८ साली दार्जिलिंगजवळील सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात परवान्याविना कीटक गोळा केल्याबद्दल दोन चेक नागरिकांना अटक झाली आणि न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. त्यांतील एक नामांकित कीटकतज्ज्ञ होता. शैक्षणिक सहलीत विद्यार्थ्यांकडून कीटकसंग्रह मागणाऱ्या प्राध्यापकांनी ही जबाबदारी आपल्यावर येते हे ध्यानात घ्यावे.

भुंगेरे, नाकतोडे, घरमाश्या, गांधीलमाश्या, झुरळे यांतील नित्य आढळणाऱ्या व अनुसूचीबाहेरील जातींपासून संग्रह उभा करणे हा सुरक्षित मार्ग होय. त्यात फुलपाखरांची शोभा नसेल. मात्र आपल्या तालुक्यातील माश्या आणि भुंगेरे यांविषयीची माहिती फुलपाखरांच्या तुलनेत फारच तोकडी आहे, म्हणून शास्त्राला त्यांची गरज अधिक आहे.

संग्रहाची एक वही असावी. प्रत्येक नमुन्यास क्रमांक देऊन लेबलवरील मजकूर तीत उतरवावा. लेबल गळून पडले तरी वहीतून ते पुन्हा लिहिता येते. वहीच्या पहिल्या पानावर, संग्रहकर्त्यानंतर पेट्या कोणाकडे द्याव्यात हेही लिहून ठेवावे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पुण्यातील पश्चिम विभागीय केंद्र यांच्याकडे कीटकांचे मोठे संदर्भसंग्रह आहेत. नमुने द्यावयाचे असल्यास अशा संस्थेशी आधी पत्रव्यवहार करावा आणि सोबत वहीची प्रत पाठवावी, कारण पेटी उघडण्यापूर्वी तेथील अभ्यासक ती वहीच प्रथम पाहतील.